युरोपच्या पश्चिम टोकाला धुकं होतं

तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या माझ्या नवऱ्याकडे पासपोर्टच नव्हता. गेल्या वर्षी काचबिंदूच्या तपासणीत डॉक्टर म्हणाल्या, "सर, नजरेचा परीघ आक्रसत चाललाय. काही पाहायचं राहिलं असेल तर लांबणीवर टाकू नका." कर्वेनगरला घरी आलो. चहा घेता घेता हे म्हणाले, "युरोपची जमीन जिथे संपते ना, ते टोक बघायचंय. पोर्तुगालला."

म्हणून आमची तयारी जरा निराळी. तुमच्याबरोबर कमी दिसणारं कोणी असेल तर उपयोगी पडेल. व्हिसाच्या मागे तीन महिने आधीच लागलो. विमा, हॉटेलांचं बुकिंग, बँकेचे कागद, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. डोळ्यांच्या थेंबांसाठी डॉक्टरांचं इंग्रजी पत्र, आणि थेंब हातातल्या बॅगेत. तूप, पेढे घरीच ठेवा, दुधाचे पदार्थ तिकडे नेऊ देत नाहीत. लिस्बन म्हणजे चढउतार आणि गुळगुळीत दगडांचे रस्ते, म्हणून चांगल्या पकडीचे बूट घालून महिनाभर रोज चाललो. शेजारचे काका म्हणाले, "आपल्या फुटपाथवर पडला नाहीत ना? मग झाली तयारी."

मुंबईहून निघून, मध्ये विमान बदलून लिस्बनला पोचलो. मे महिन्यातली दुपार. घरांच्या भिंतींवर निळ्या फरश्या, आणि नदीवरून येणारा उजेड इतका मऊ, की अख्खं शहर नुकतंच झोपेतून उठल्यासारखं वाटावं. हे भिंतीला हात लावत चालायचे. वळणावर थांबून, मान हळूहळू फिरवून, तुकड्या-तुकड्यांनी रस्ता पाहून घ्यायचे. मीही थांबायचे.

तिसऱ्या दिवशी रेल्वेने सिंत्राला गेलो, पाऊण तास लागला. पुढे वळणावळणाची बस. युरोपच्या त्या टोकावर, रोकाच्या भूशिरावर उतरलो, तर धुकं. समुद्र नाही, आकाश नाही, दीपगृहसुद्धा अर्धंच. कठडा धरून उभे राहिलो. खूप खाली लाटा फुटल्याचा आवाज येत होता.

"अहो, एवढ्या लांब येऊन..." मी डोळे पुसले.

ते हसले. "रडतेस काय? आज तुला आणि मला सारखंच दिसतंय."

दोन तास वाट पाहिली. धुकं हललं नाही. बसमध्ये बसल्यावर मी म्हणाले, "उद्या परत येऊ."

"उद्या पोर्तोचं तिकीट आहे."

"राहू दे पोर्तो."

तेव्हा प्रवास आखताना एक दिवस मोकळा ठेवाच.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन. कड्याखाली निळं पाणी, आणि त्यापुढे पाणीच. त्यांनी डावीकडून उजवीकडे मान फिरवली, मग उजवीकडून डावीकडे. पुन्हा पहिल्यापासून. "सरळ गेलं की अमेरिका," ते वर्गातल्या आवाजात म्हणाले. आम्ही दोन बस सोडल्या.

परत येऊन दोन महिने झाले. लोक त्या निळ्या समुद्राचे फोटो मागतात. मला मात्र डोळे मिटले की धुकंच दिसतं, आणि कठड्यावर माझ्या हाताशेजारी त्यांचा हात.

परवा दोघं भाजी घेऊन येताना सोसायटीच्या जिन्यात त्यांची एक पायरी चुकली. सावरले, आणि तिथेच बसले. वर्षभर जे माझ्या ओठांवर येऊन परत जात होतं, ते त्यांनीच म्हटलं, "उद्या पांढरी काठी आणूया. मला अजून फिरायचंय."

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.