ब्रेकताईच्या पायाखालचा वेग

तिच्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या पायामुळे. निवृत्तीनंतर हौस म्हणून मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी दुधाच्या टेम्पोवर गाडी घालायला निघाले. टेम्पो हातभर अंतरावर असताना गाडी आपसूक थांबली. शेजारच्या सीटवरून शिकवणारीने ब्रेक दाबला होता. चेहरा मात्र असा, जणू आम्ही दोघी बागेत बसलोय.

"बाई, टेम्पोला वाट द्यायची असते, धडक नाही," ती म्हणाली.

शिकवायच्या गाडीत तिच्या बाजूला ब्रेक आणि क्लच होते, ॲक्सिलरेटर नव्हता. शिकणारे तिला पाठीमागे ब्रेकताई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि फारसं आवडत नव्हतं. एकदा सिग्नलला थांबलो असताना ती सहज बोलून गेली, की इतकी वर्षं दुसऱ्यांचा वेग दाबत बसलेय, एकदा तरी माझ्या पायाखाली वेग यावा.

मग आमच्या भागात एका सिनेमाचं शूटिंग आलं. दिवसाढवळ्या हिऱ्यांची पेढी लुटायची आणि रस्त्यावर शर्यती लावणाऱ्यांच्या गाड्यांतून पसार व्हायचं, अशी भन्नाट गोष्ट. चोरांची गाडी चालवणार होती नायिका. तिला निदान गिअर नीट धरता यावा म्हणून ती आमच्याकडे शिकायला आली. तिच्यासोबत आलेल्या स्टंट मास्टरने ब्रेकताईला अरुंद बोळातून गाडी उलटी बाहेर काढताना पाहिलं आणि तो बघतच राहिला. त्याने मोकळ्या मैदानात तिची परीक्षा घेतली आणि पळून जायच्या दृश्यात विग घालून तिलाच बसवायचं ठरवलं.

शूटिंगच्या सकाळी मी आणि तिचे यजमान दोरीपलीकडे उभे होतो. यजमान घड्याळं दुरुस्त करतात, अगदी शांत माणूस. पण तिच्या पायात नायिकेचे बूट होते आणि तिच्या चपला त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरल्या होत्या. मास्टरने शर्यतवाले काही तरुणही बोलावले होते. त्यातल्या लाल जॅकेटवाल्याने तिला विचारलं, "ताई, मागे शिकाऊचा बोर्ड लावू का?"

"लाव की. मागे राहशील तेव्हा वाचायला होईल."

इशारा झाला. पेढीच्या दारातून मुखवटेवाले धावत आले, गाडीत कोसळले आणि गाडी अशी सुटली की मी दोरीच घट्ट धरली. रस्त्याच्या शेवटी उभ्या दोन ट्रकांमधून काटकोनात वळायचं होतं. चाकांतून धूर काढत गाडी घसरत वळली आणि दिसेनाशी झाली. आम्ही टाळ्या पिटल्या. दिग्दर्शक मात्र मॉनिटरसमोर कपाळाला हात लावून बसला. वळायच्या आधी गाडीचा इंडिकेटर लुकलुकला होता. हिरे घेऊन पळणाऱ्या चोरांनी आपण कुठे वळतोय ते पोलिसांना रीतसर कळवलं होतं.

शर्यतवाले हसून हसून बेजार झाले. दुपारी रस्ता वाहतुकीला परत द्यायचा होता, म्हणजे एकच टेक उरला. तो हुकला तर उद्यापासून गाडी लाल जॅकेटवाल्याकडे, असं मास्टरने सांगून टाकलं. मेकॅनिक इंडिकेटरची तार काढून द्यायला निघाला, तर तिने त्याला थांबवलं. तार काढून दिवा विझेल, सवयीने हात तिकडे जायचा थांबणार नाही, आणि त्या वळणावर हात स्टिअरिंगवरून सुटला तर गाडी ट्रकवर जाईल. मघाशी थोडक्यात वाचलो, हेही तिने तेव्हाच सांगितलं. यजमानांच्या हातातल्या चपला आणखी आवळल्या गेल्या.

ती आमच्याजवळ येऊन पाणी प्यायली. बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिली आणि मग एकदम हसली.

"बाई, इंडिकेटर कुणासाठी द्यायचा?"

मी शहाण्या विद्यार्थिनीसारखं उत्तर दिलं, "मागच्यासाठी."

"आणि माझ्या मागे कोण आहे? पोलीस. त्यांना कशाला सांगू?"

दुसऱ्यांदा गाडी सुटली तेव्हा यजमानांनी डोळे मिटून घेतले. मी मिटले नाहीत. गाडी ट्रकांपाशी आली, मागची बाजू झोकात फिरली, धुरातून वाट काढत पलीकडे गेली, आणि कुठेही दिवा लुकलुकला नाही. सगळ्यात आधी टाळी वाजवली ती लाल जॅकेटवाल्याने.

सिनेमा लागला तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलची आम्ही मंडळी एका रांगेत बसून बघत होतो. विगमुळे ती ओळखू येईना. पण वळणाआधी पडद्यावर नुसतं स्टिअरिंग दिसलं. त्यावरचं एक बोट किंचित उचललं गेलं आणि गुपचूप जागेवर परत आलं. आमची अख्खी रांग ओरडली. पुढच्या रांगेतले वळून बघू लागले.

परवापासून तिने स्कूलमधून रजा घेतली आहे. या वेळी सिनेमात तिला ट्रक चालवायचा आहे.