हस्तांतरानंतरचा तिसरा दिवस

मी बांधकाम खात्यात मुकादम. चौक गावाकडून कर्जतला जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा कित्येक वर्षं माझ्याकडे होता. खड्डे बुजवायचे, गटारं मोकळी करायची, मोऱ्यांतला गाळ काढायचा. मग तो रस्ता एका कंपनीकडे गेला. सह्या झाल्या, फोटो निघाले आणि साहेब म्हणाले, "उद्यापासून तिथे फावडं घालायचं नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोटारसायकलवरून कचेरीत निघालो होतो. श्रावणातला पाऊस नुकताच उघडला होता. ओढ्यावरच्या मोरीपाशी डांबराला चीर पडलेली दिसली, म्हणून गाडी लावून खाली ओढ्यात उतरलो. भिंतीचे दगड निसटले होते आणि वरचा भराव पाण्याबरोबर वाहून चालला होता. तेवढ्यात डोक्यावरून खडीचा डंपर गेला. मानेवर मातीचं ढेकूळ पडलं.

कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने किलोमीटर विचारला. मी जुन्या दगडावरचा आकडा सांगितला.

"सर, असा पॉइंट सिस्टिममध्ये दिसत नाही."

साहेबांना लावला. "तू हात लावू नकोस. काही झालं तर तुझ्यावर येईल. मी त्यांना लेखी कळवतो."

"साहेब, शाळेची बस यायची वेळ झालीय."

त्यांनी फोन ठेवला.

मोरीजवळ टायरचं दुकान असलेले भाई दारात उभे होते. मी धावतच गेलो. "भाई, तुमचा टेंपो रस्त्यात आडवा लावा."

"पन रस्ता आता तुमचा नाय ना, मुकादम?"

"नाय."

"आनि पोलीस आले तर?"

"माझं नाव सांगा."

त्यांनी एकदा वाकून मोरीत पाहिलं आणि खिशातून किल्ली काढली. एका बाजूला टेंपो, दुसऱ्या बाजूला जुना लाल झेंडा घेऊन मी. हॉर्न सुरू झाले. एकाने गाडीतून उतरून माझी कॉलरच धरली. "तू कोण रं? कंपनीचा हायस का?"

खात्याचा म्हणावं तर रस्ता खात्याचा नव्हता. त्याच्या खांद्यावरून मला शाळेची बस येताना दिसली. ड्रायव्हर ओळखीचा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं.

पाऊण तासाने कंपनीची इंजिनीअर आली. तिशीची असेल. "कोणाच्या परवानगीने बंद केलात?"

"कोणाच्याच नाही. ताई, आधी खाली उतरून बघा."

ती रागातच उतरली. वर आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. तिने आपल्या माणसांना सांगितलं, "दोन्हीकडून बंद करा. सायकलसुद्धा सोडू नका."

दुपारी मोरीवरचा अर्धा रस्ता खाली बसला. त्यावर कोणी नव्हतं.

आठवड्याने मला नोटीस आली. खात्याच्या ताब्यात नसलेल्या रस्त्यावर वाहतूक का अडवली, याचा खुलासा करा. त्या इंजिनीअर बाईंनी न मागता एक पत्र पाठवलं होतं. खाली उतरून काय पाहिलं, एवढंच त्यात लिहिलं होतं. त्यामुळे प्रकरण समज देण्यावर थांबलं. 'पुन्हा असं करणार नाही' असं साहेबांनी माझ्याकडून लिहून मागितलं. ते मात्र मी दिलं नाही.