नापास सांध्यांचा मास्तर

श्रीधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका आजीबाईंच्या मनगटाचं प्लास्टर कापत होतो. कंपाउंडरने कानाशी येऊन सांगितलं, मी मान हलवली आणि उरलेलं प्लास्टर नीट कापून काढलं. आजीबाईंना बोटं हलवायला लावली, कोमट पाण्यात हात शेकायला सांगितलं, मग हात धुतले आणि फोन घेतला. सकाळी फिरून आल्यावर श्रीधरने चहाचा कप हातात घेतला आणि तो खुर्चीतच कलंडला, दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं, हे सगळं मला ऐकू येत होतं आणि कळतही होतं. फक्त ते मला सांगितलं जातंय असं वाटत नव्हतं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, अजूनही बरंचसं तसंच आहे. मी पेशंट तपासतो, जेवतो, झोपतो, वेळेवर उठतो. बायको म्हणते, "तुम्ही एकदा रडून तरी घ्या." सांगून रडू येत असतं तर आणखी काय हवं होतं...

श्रीधर इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवायचा. आमची ओळख झाली तीच ऑपरेशनच्या टेबलावर. नव्वदच्या आसपासची गोष्ट, मी मुंबईहून शिकून येऊन नाशिकला नुकता दवाखाना थाटला होता. त्याची स्कूटर घसरली, खुब्याला मार बसला, आणि वर्षभरात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच गेला. चाळिशीही न गाठलेला माणूस काठी टेकत वर्गात जायचा. मी त्याचा खुबा बदलला. मांडीच्या हाडात धातूचा दांडा, दांड्याच्या डोक्यावर चकचकीत गोळा, आणि तो फिरायला कमरेच्या हाडात प्लास्टिकची वाटी. दोन्ही भाग सिमेंटने पक्के केले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर "हातोड्याचे ठोके ऐकू येत होते हो डॉक्टर, तुम्ही सुतार आहात." कमरेखाली भूल दिलेली होती, त्यामुळे खरंच ऐकू येत असणार. तेव्हापासून मी कायमचा सुतार झालो आणि तो माझा मास्तर.

दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो तर वॉर्डात नर्सचा आरडाओरडा चाललेला. श्रीधरचे थोरले भाऊ अण्णा वणीजवळच्या गावाहून आले होते. घरची द्राक्षं, शिवाय पंचक्रोशीतली घरं बांधायची कामं घेणारा माणूस. त्यांनी ओला टॉवेल पिळून भावाच्या पट्टीवर अंथरला होता आणि तांब्यातून वर आणखी पाणी शिंपडत होते. मी दचकून टॉवेल ओढून काढला. अण्णा शांत. म्हणाले, "शिमेट भरलं म्हनले ना तुमी काल? मंग पानी मारल्याबिगर ते धरंल कसं? आमी तर स्लॅबला पंधरा दिस मारतो." हे सिमेंट वेगळं, कालवल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हातातच दगड होतं, असं मी समजावून सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. श्रीधर टाके दुखतात म्हणून हसू दाबत होता आणि डोळ्यांतून पाणी काढत होता. पट्टी मात्र मला सगळी बदलावी लागली.

घरी जाताना त्याने विचारलं, "किती वर्षं चालेल हा?" मी म्हणालो, दहा, पंधरा, नशीब असेल तर वीस. "मग?" मग सैल होतो. "का?" सिमेंट कालांतराने सोडतं, असं काहीतरी मी म्हणालो. तेव्हा बरेच जण तेच म्हणत. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर त्याच्या विद्यार्थ्यांना चांगली माहीत असणार. पाठ करून आलेल्या पोराकडे मास्तर पाहतो ती. महिन्याभराने कुबड्या घेऊन तो दवाखान्यात आला, तोवर आम्ही अरे-तुरेवर आलो होतो, आणि म्हणाला, "सैल झालेले सांधे तू काढतोस, त्यांचं पुढे काय करतोस?" फेकतो, म्हणालो. "फेकू नकोस. पेशंटला विचार, आणि मला दे."

पुढची पंधराएक वर्षं त्याने हेच केलं. मी आणि शहरातले आणखी दोन-तीन हाडांचे डॉक्टर पेशंटच्या परवानगीने काढलेले सांधे त्याला देत असू. काचेच्या बरण्यांत ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊन बसत. तो वाट्यांची झीज मोजायचा, धातूवरचे ओरखडे भिंगाखाली पाहायचा. विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन त्याने वर्कशॉपमध्ये एक यंत्रही उभं केलं, वाटीत गोळा दिवसरात्र फिरवणारं, जणू कोणीतरी न थांबता चालतंय. आधी ते पाण्यात चालवलं. आकडे काही जुळेनात. मग वाचून कळलं की पाण्यात प्लास्टिक वेगळ्या तऱ्हेने झिजतं, सांध्यातल्या द्रवाशी त्याचं नातं नाही. मग कुठूनतरी जनावराच्या रक्तापासून केलेला पिवळट द्रव मिळवला, आणि एप्रिलच्या उन्हात तो असा काही नासला की प्राचार्य स्वतः नाकाला रुमाल लावून चौकशीला आले. श्रीधरने त्यांना खुर्ची दिली आणि तासभर समजावून सांगितलं. प्राचार्यांनी शेवटी एक जुना फ्रीज मंजूर केला, बहुधा सुटका व्हावी म्हणून.

सांधा सैल का होतो, हे मला नीट कळलं ते श्रीधरकडून, हे सांगायला मला काही कमीपणा वाटत नाही. एकदा त्याने मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. सैल झालेल्या एका वाटीमागून मी काढलेल्या मऊ पडद्याचा तो पातळ काप होता. त्याने प्रकाशाची एक काच फिरवली, आणि अंधारात असंख्य बारीक कण चमकायला लागले. "ही तुझ्या वाटीची भुकटी," तो म्हणाला. माणूस चालतो तशी वाटी कणाकणाने झिजते. शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी ते कण गिळतात. प्लास्टिक पचत नाही, मग त्या चिडतात आणि आसपास असा काही निरोप धाडतात की शेजारचं हाड विरघळायला लागतं. सिमेंट बिचारं असतं तिथेच असतं, ज्या हाडाला ते धरून असतं ते हाडच मागे सरतं. "आणि गंमत म्हणजे दुखत नाही. दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो." हे सांगताना त्याचा हात स्वतःच्या खुब्यावर होता. ते त्याच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही.

दरवर्षी दिवाळी झाली की तो एक्स-रे काढायला यायचा. पेशंट गेल्यावर आम्ही दोघं तो दिव्याच्या पेटीवर लावायचो. गोळा वाटीत किती खोल गेला ते तो पट्टीने मोजायचा आणि मागच्या वर्षीच्या फिल्मशी ताडून बघायचा. हाड आणि सिमेंटच्या मध्ये काळी रेघ दिसते का, हे मी शोधायचो. रेघ दिसायची नाही. मला हायसं वाटायचं, तो मात्र "एक्स-रे काय, वर्गातला हुशार मुलगा आहे, आतलं काही सांगत नाही," असं म्हणून फिल्म पाकिटात सरकवायचा. मग शैलावहिनी, त्याची बायको, फोन करायच्या, "तपासणी झाली असेल तर दोघेही जेवायला या." आम्ही जायचो.

अशाच एका रविवारी, मिसळ खाताना, त्याने तो विषय काढला. "सुतार, माझ्या कामात एक मोठी खोट आहे. माझ्याकडे सगळे नापासच येतात. जो सांधा सैल झाला तोच तू काढतोस. जे घट्ट बसलेत ते माणसाबरोबर स्मशानात जातात. पास झालेला विद्यार्थी मी कधी पाहिलेलाच नाही, मग नापास का झाला हे कशाशी ताडून बघू?" मी म्हणालो, खरं आहे, पण घट्ट बसलेला सांधा कोण काढू देईल? तो पाव रश्शात बुडवत म्हणाला, "माझा आहे की. मी गेल्यावर तू काढायचा. आजूबाजूच्या हाडासकट. नुसता धातू नको, जे काही घडतं ते हाड आणि सिमेंट भेटतात तिथेच." वहिनींनी त्याच्यापुढची ताटली उचलली आणि म्हणाल्या, "जेवताना असलं बोलायचं असेल तर उठा." विषय संपला. पण नंतर त्याने दोनदा-तीनदा आठवण करून दिली, त्यांनाही आणि मलाही.

तो गेला त्या सकाळी, त्याला नेलं होतं त्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा वहिनी बाकावर बसल्या होत्या. मला पाहून त्या रडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, ते त्यांचं... तुमच्या लक्षात आहे ना?" मी हो म्हणालो. अण्णा गावाहून पोचायचे होते. त्यांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असं आमचं दोघांचं न बोलता ठरलं. अण्णा आले, धाकट्या भावाच्या पायाशी बराच वेळ उभे राहिले. मग मी त्यांना बाहेर नेऊन सांधा काढून घ्यायचं सांगितलं. त्यांना वाटलं मला माझी वस्तू परत हवी आहे. "न्या ना डॉक्टर, तुमचंच हाय ते," असं सहज म्हणाले. मग मी हाडाचं सांगितलं. वीतभर मांडीचं आणि वाटीमागचं कमरेचं.

अण्णांचा चेहरा बदलला. "नाय. लोखंड न्या. हाड नका नेऊ. हाड आमचं हाय."

मी समजावत गेलो. अण्णा ऐकत होते आणि मान हलवत होते. "आख्खा जाऊ द्या त्याला. अस्थी सावडायच्या त्या पुऱ्या सावडल्या पायजे. मी काय सांगू वर आई-बापाला, याची मांडी कुठं ठिवली म्हनून?" त्यांनी विचारलं, काम झाल्यावर हाड परत मिळंल का, मी गोदावरीत सोडीन. खोटं बोलणं सोपं होतं. पण मी खरं ते सांगितलं, त्याचे पातळ काप करतात, परत देण्यासारखं काही राहत नाही. अण्णा भिंतीला टेकले. मला त्यांचं म्हणणं चूक वाटत नव्हतं, अजूनही वाटत नाही. श्रीधरने पंधरा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता हातचं जाणार, हेही मला दिसत होतं, आणि मला त्याचंही काही वाटत नव्हतं. मी म्हणालो असतो, राहू द्या अण्णा. अगदी ओठांवर आलं होतं.

वहिनी कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. "अण्णा," त्या म्हणाल्या, "तुमचं हाड आहे, खरं आहे. पण ते त्यांनी जिवंतपणी देऊन टाकलंय. दिलेलं आपण कसं मागे घ्यायचं?" अण्णांनी उपरण्याने तोंड पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाय आखूड दिसल का?" नाही, मी म्हणालो, आत लाकडी दांडा घालतो, पाय तेवढाच राहील. "मंग करा. पन तुमीच करा, दुसरं कोनी नको."

मीच केलं. सैल झालेला सांधा काढताना मी अवजार लावण्याआधी दांडा नुसता हाताने धरून ओढून बघतो, पुष्कळदा तो तसाच निघून येतो. इथे त्याची गरज नव्हती, हाडासकट करवतीनेच कापायचं होतं. तरी सवयीने हात गेला आणि मी ओढलं. सांधा जागचा हलला नाही. सबंध पाय माझ्याकडे सरकला. मी पुन्हा ओढलं, पुन्हा पायच आला. नर्स म्हणाली, "सर?" मला त्या वेळी श्रीधरचा भयंकर राग आला. इतका पक्का, इतका सुंदर बसलेला सांधा, आणि बघायला हा हजर नाही. त्या दिवसात मला काही वाटलं असेल तर ते एवढंच. मग मी करवत मागितली.

बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं, "घट्ट होता?" "हलत नव्हता, वहिनी." त्यांनी मान डोलावली आणि पहिल्यांदा पदर डोळ्यांना लावला. तिरडीवर ठेवल्यावर अण्णांनी दोन्ही टाचा जुळवून पाहिल्या. "बराबर हाय," म्हणाले.

मागच्या आठवड्यात कॉलेजातून त्याच्या विद्यार्थिनीचा, मनीषाचा फोन आला. ती आता तिथेच शिकवते. मी गेलो. बरणी तयार होती, आतला सांधा हाडात रुतलेला, कुठेही फट नाही. बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची तिथली पद्धत आहे, कुठला सांधा, किती वर्षं शरीरात होता, आणि शेवटच्या ओळीत काढण्याचं कारण. मी शेजारच्या बरण्या वाचत गेलो. सैल झाला. सैल झाला. दांडा मोडला. जंतू शिरले. सैल झाला. मनीषा पेन घेऊन उभी होती. म्हणाली, "सर, यावर कारण काय लिहू? यात तर काहीच बिघडलेलं नाही."

मी पेन तिच्या हातातून घेतलं आणि लिहिलं, 'माणूस गेला.'