प्याद्यानेच मात

मुलुंडच्या एका वाचनालयाने बुद्धिबळाची स्पर्धा भरवली होती. आदल्या दिवशी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा माझ्या वाट्याला काळी मोहरी आली आणि समोर बहिणीचे होणारे सासरे. साठचं दशक संपत आलं होतं. लग्नाची बोलणी झाली होती, फक्त मुहूर्त ठरायचा होता. अंधेरीहून निघताना बहीण म्हणाली, "दादा, हरशील ना रे?"

"तेवढं जमतं मला," मी म्हणालो.

स्पर्धा देशी नियमांची होती. त्यांनी वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि जाहीर केलं, "आज प्याद्यानेच मात देणार." देशी खेळात वजिराने दिलेली मात साधी, प्याद्याने दिलेली मानाची. आणि समोरचा राजा अगदी एकटा उरला तर बुर्ज, म्हणजे डाव बरोबरीत.

दोन तासांत माझ्याकडे राजा आणि एक हत्ती उरला. त्यांची नऊ मोहरी शाबूत होती. वजिराने मात सरळ दिसत होती, ती त्यांनी दिली नाही. हत्ती समोर केला, तोही घेईनात.

"अहो, घ्या ना."

"घेऊन काय करू? बुर्ज होईल. जपा त्याला."

मग मी तो जपायला लागलो. त्यांच्या प्याद्यांच्या वाटेत नको म्हणून पार लांब, त्यांच्याच शेवटच्या रांगेत नेऊन ठेवला. तिथे त्यांचा राजा स्वतःच्या तीन प्याद्यांमागे बसलेला. बाकी सगळी फौज माझ्या राजाभोवती.

पंच वाकून म्हणाला, "काका, मात झाली."

"कुठाय? प्यादं अजून पोचलंय कुठे?"

"तुमच्यावर झाली."

चाल परत घेता येईल का, असं मी पंचाला विचारलं. जिंकणाऱ्यासाठी तशी सोय नियमांत नव्हती.

"ही मात मी धरत नाही," ते मला म्हणाले. "आधी प्याद्याची मात, मग मुहूर्त."

त्यानंतर दर रविवारी ते पट काखेत मारून आमच्याकडे येऊ लागले. प्याद्याच्या हातून मरणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं. कधी बुर्ज व्हायचा, कधी माझ्या राजाला चालच उरायची नाही. आई पोहे करून थकली. तिकडे मुलगा निरोपावर निरोप धाडत होता, काय चाललंय म्हणून.

शेवटी बहीण हात पुसत बाहेर आली. "ऊठ रे दादा." मोहरी कशी चालतात, एवढंच तिला ठाऊक. दर चालीला ती विचारायची, "काका, राजा कुठे ठेवू?" ते बोटाने घर दाखवायचे. तासाभरात प्याद्याने मात झाली.

"मुलगी खेळते चांगली," ते मला म्हणाले. "पंचांग आहे का घरात?"