गच्चीवरचे रोडगे आणि जावयाची मॅच

अमरावतीच्या गच्चीवर बसून परदेशातली मॅच जिंकून देता येते, हे मी स्वतः करून पाहिलेलं आहे.

आमचा जावई निलेश मूळचा अकोल्याचा. नोकरीसाठी युरोपातल्या एका चिमुकल्या देशात गेला आणि तिथल्या राष्ट्रीय संघात जाऊन बसला! (त्या देशाचं नाव आमच्या घरात अजून कोणालाच धड म्हणता येत नाही, म्हणून आम्ही सगळे 'जावयाचा देश' असंच म्हणतो.) तर नव्याने वर येणाऱ्या देशांची वीस-वीस षटकांची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली होती. ज्या देशांत क्रिकेट खेळायचं म्हणजे आधी मैदानावरचं बर्फ वितळायची वाट पाहावी लागते, असे सगळे देश त्यात. आणि त्यात आमचे निलेशराव सलामीला!

आता एवढ्यावर कोणत्याही सासऱ्याने पेढे वाटले असते. मीही वाटले. पण पहिल्या मॅचमध्ये निलेश शून्यावर गेला. दुसऱ्या मॅचमध्ये पुन्हा शून्य. तिसऱ्यात भोपळा फुटला नाही तर संघातून नारळ, असं त्याने स्वतःच आमच्या लेकीला, पल्लवीला सांगितलं होतं.

खरी गोम मात्र अकोल्यात होती. आमचे इवाई, म्हणजे निलेशचे वडील दादाराव मास्तर, जन्मभर शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. "क्रिकेटनं कोनाचं पोट भरलं हाय?" हे त्यांचं पेटंट वाक्य. निलेश दहावीला असताना त्यांनी त्याची बॅट आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत घातली होती. तेव्हापासून पोराने बापासमोर क्रिकेटचं नाव काढलं नाही, आणि बापाने पोराचा एकही चेंडू पाहिला नाही. इहीणबाई, म्हणजे निलेशची आई, मात्र सायन्सच्या ट्यूशनचं नाव सांगून त्याला मैदानावर सोडायच्या. त्या माउलीची एकच इच्छा होती. एकदा, फक्त एकदा, त्याच्या बापाने त्याला खेळताना पाहावं.

शेवटी त्यांनी नवस बोलला. मास्तर मॅच पाहायला बसले तर मारोतीला रोडगे! आणि काय सांगू, मास्तर कबूल झाले.

"एकच मॅच पाहीन," ते फोनवर मला म्हणाले. "मंग हा विषय कायमचा बंद. आनखी मांगू नका."

आमचा टीव्ही त्यांच्या टीव्हीपेक्षा मोठा, त्यामुळे दोघं अमरावतीला आले. सोबत पोतंभर गोवऱ्या! इहीणबाईंचं म्हणणं, निलेश खेळायला उतरेल तेव्हाच रोडगे निखाऱ्यात पडले पाहिजेत. आता रोडगे हा शेतात, झाडाखाली, मोकळ्या हवेत करायचा प्रकार. गोवऱ्यांचा ढीग पेटवायचा, त्याचे निखारे झाले की कणकेचे गोळे त्यात पुरायचे, वर वांग्याची भाजी आणि तुपाची धार. मी म्हटलं, "शेत कशाला, आपली गच्ची आहे की!" (घरातले सगळे घोटाळे माझ्या अशाच उत्साही वाक्यांनी सुरू होतात, असं माझी बायको मंगला म्हणते.)

टीव्ही गच्चीवर नेऊन जिन्याच्या दारात ठेवला. गल्लीतली यच्चयावत मंडळी सतरंज्या घेऊन हजर झाली. मॅच इंटरनेटवर दिसणार होती आणि ते खातं माझ्याकडे होतं. तिकडचे किती वाजले म्हणजे इकडचे किती, हा हिशोबही मीच केला. मास्तरांनी विचारलं, "हिशोब मी पाहू काय?" मी छाती काढून म्हणालो, "नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात स्टोअर सांभाळतो मास्तर, एवढं येतं मला!"

सुरू करायच्या आधी इहीणबाई एक रिकामा पिठाचा डबा घेऊन फिरल्या.

"मोबाइल टाका याच्यात. सगळ्यायनं!"

"कावून?" मंगला म्हणाली.

"मागच्या दोन्ही टायमाले याईचा फोन आला अन निल्या आउट झाला." याईचा म्हणजे माझा! सगळी गल्ली माझ्याकडे अशी पाहू लागली की मी पहिल्यांदा फोन टाकला आणि तोही बंद करून.

समोरच्या संघाने आधी खेळून बऱ्यापैकी धावा कुटल्या. मग निलेश उतरला आणि इकडे गोवऱ्या पेटल्या. त्याच वेळी सूर्य कलून टीव्हीवर आला आणि पडद्यावर काही दिसेना.

"अमरावतीच्या उन्हाले तुमी ऊन म्हनता?" मास्तर म्हणाले. "अकोल्याले या एकदा."

मी मुकाट्याने स्टूल घेतलं, वर चढलो, चादरीचं एक टोक पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधलं आणि दुसरं बांधायला हात वर केला. तेवढ्यात निलेशने चौकार मारला! भोपळा फुटला! गच्चीवर जो कल्ला झाला म्हणता! मी आनंदाने खाली उतरणार, तर इहीणबाई माझ्यावर किंचाळल्या.

"इवाई! हालू नका!"

"अहो, गाठ तर मारू द्या."

"गाठ नाही, काही नाही! तसेच ऱ्हा. हात बी खाली घेऊ नका!"

मी मंगलाकडे पाहिलं. तिने नवऱ्याची बाजू घेतली असेल असं वाटतं ना तुम्हाला? ती म्हणाली, "राहा ना हो. आपल्या पल्लूसाठी!"

राहिलो. हातात चादरीचं टोक धरून, हात वर करून, स्टुलावर. निलेशने पुन्हा चौकार मारला. माझ्या खांद्यात कळ आली. निलेशने षटकार मारला. माझ्या नाकावर माशी बसली. "माशी हाकला कोणीतरी!" म्हटलं, तर मास्तर टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिले. थे आली तवा सिक्स लागला." हे गणिताचे मास्तर!

इकडे गोवऱ्या थोड्या ओलसर असाव्यात. धुराचे लोट निघाले ते थेट समोरच्या इमारतीवर. तिथे पुण्याहून नुकतेच बदलून आलेले एक साहेब राहतात. त्यांनी खिडकीतून पाहिलं. समोरच्या गच्चीवर प्रचंड धूर, पन्नासेक माणसं आरडाओरडा करतायत, आणि एक माणूस उंचावर उभा राहून पांढरं कापड हलवत मदत मागतोय! त्यांनी काय करावं? सज्जन माणूस, अग्निशमन दलाला फोन केला.

घंटा वाजवत गाडी आली तेव्हा शेवटची दोन षटकं उरली होती. अधिकारी धापा टाकत जिना चढून वर आले आणि टीव्हीच्या बाजूने वाट काढत गच्चीवर घुसले.

"आग कोठी हाय?"

"आग नाही साहेब, रोडगे हायेत," मंगला म्हणाली.

"खाली उतरा सगळे! चला, चला!"

एक माणूस हलला नाही. कोणी मान वळवली नाही. अधिकारी चक्रावले.

"अहो, उतरा म्हनून राहिलो ना मी! अन हे स्टुलावर कोन हायेत?"

"थे आमचे इवाई. त्याईले हालता येत नाही," इहीणबाई म्हणाल्या.

"अरे बापा! लकवा हाय काय?"

"नाही. माहा पोरगा खेळून राहिला."

अधिकाऱ्यांनी टीव्हीकडे पाहिलं. एक पाय गच्चीवर, दुसरा निखाऱ्यांकडे उचललेला. तेवढ्यात निलेशने चेंडू सरळ मैदानाबाहेर घालवला आणि इहीणबाई गरजल्या.

"साहेब! आता तुमी बी हालू नका!"

आणि खरं सांगतो, सरकारी माणूस असून ते हलले नाहीत! एका पायावर! "किती पायजेत?" त्यांनी हळूच विचारलं. "चार," मास्तर म्हणाले. दोन्ही हातांनी मास्तरांनी सतरंजीची किनार घट्ट धरली होती. गोलंदाज धावत आला. निलेशने बॅट फिरवली. चौकार! जिंकलो! निलेश नाबाद, जावयाचा देश विजयी! गच्चीवर अशी बोंब उठली की खालच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या जवानाला वाटलं, वर आग भडकली. त्याने पाणी सोडलं!

ती धार धुरावर येण्याआधी माझ्यावर आली. छातीवर. पायजमा, बनियन, चादर, माशी, सगळं धुऊन निघालं. तरी मी हात खाली घेतला नाही! मग धार निखाऱ्यांवर गेली, रोडग्यांवर गेली, गल्लीवर गेली, आणि अधिकारी दोन पायांवर येऊन ओरडले, "बंद कर बे! जिंकलो आपन!"

टीव्ही तेवढा जिन्याच्या दारात कोरडा राहिला. बाकी सगळे चिंब. मास्तर उभे राहिले होते. तोंडावरून पाणी ओघळत होतं. इहीणबाईंनी पदर पुढे केला तर म्हणाले, "पुसू नको शांता. पानी नाही हे. रडून राहिलो मी. काय खेळते व आपलं पोट्टं! अन म्या कवा पाह्यलंच नाही."

शांताबाईंनी मास्तरांचा हात धरला आणि भर गल्लीसमोर धरूनच ठेवला. मीही रडून घेतलं. (स्टुलावरच.)

आता निलेशला फोन तर केला पाहिजे! खाली उतरलो, डबा आणला, माझा फोन चालू केला आणि लगेच वाजला. पल्लवी! व्हिडिओवर ती आणि शेजारी निलेश, अंघोळ करून, भांग पाडून.

"बाबा! कवाची फोन लावून राहिली मी! कोणीच उचलत नाही! होते कुठं तुमी?"

"अगं, आत्ता तर संपली! जिंकलो! आम्ही सगळे..."

"आत्ता? बाबा, मॅच संपून किती वेळ झाला! तुमी लावली ना, तवाच आमी जिंकलो होतो! तुमी रेकॉर्डिंग पाहून राहिले!"

पन्नासेक ओली डोकी माझ्याकडे वळली. स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाकडे.

पण मास्तरांचं लक्ष नव्हतंच. त्यांनी फोन माझ्या हातून घेतला, पोराकडे नुसतं पाहत राहिले आणि म्हणाले, "निल्या, पाय लय भारी हालते तुहा." निलेशने नुसती मान डोलावली. मग मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "परत लावा."

"मास्तर, एकच मॅच म्हणाले होते ना?"

"मंग? थेच तर पाह्यतो. दुसरी कोठी मांगून राहिलो?"

सतरंज्या पिळल्या गेल्या. भिजलेल्यांतून वाचलेले रोडगे ताटात आले. अधिकारी तूप वाढून घेऊन पहिल्या रांगेत बसले, पुण्याचे साहेबही विचारपूस करायला आले ते वांग्याची भाजी मागून बसले. निलेश पुन्हा खेळायला उतरला. आणि इहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"इहीणबाई, अहो, झालेली मॅच आहे ती! आता काय आउट होतो का तो?"

"नाही होत. पन रिस्क कावून घ्याची?"

मी चढलो. ओल्या पायजम्यात, हात वर करून, शेवटच्या चेंडूपर्यंत. आणि सांगायला अभिमान वाटतो, दुसऱ्यांदाही मी जावयाला आउट होऊ दिलं नाही!