स्नेहलता आणि तीनदा परत आलेली बहीण

कल्पना करा: शाळा सुटली आहे, समोर भुकेली मुलं बसली आहेत आणि बिस्किटं येईपर्यंत तुम्हाला त्यांना पाच फ्रेंच बहिणींची गोष्ट सांगायची आहे. त्यांतली धाकटी, तेरेज, पुढे संत झाली. तुम्ही कोथरूडच्या. चर्चमध्ये आयुष्यात एकदाच गेलात, तेही बाहेर पाऊस होता म्हणून.

परदेशात, हॅमिल्टनमधल्या एका कॅथलिक शाळेत शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणाऱ्या स्नेहलतावर २०१६ साली ही वेळ आली. "तुम्ही इंडियाच्या, तुम्हाला संतांची सवय असेल," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

स्नेहलताने सगळं वाचलं आणि पाचही जणींना सरळ मराठी घरात आणून बसवलं. तेरेज म्हणजे शेंडेफळ. पोलीनताई सगळ्यांच्या आधी नन व्हायला मठात गेली आणि तिथलीही प्रमुख झाली. ताई कुठेही गेली तरी ताईच. सेलीनने मठात चक्क कॅमेरा नेला. मुलं खूश. पण मधली लिओनी मठात तीनदा गेली आणि तीनदा घरी परत आली.

"का?" एका मुलीने विचारलं.

"तब्येत साथ देईना. नियमही कडक."

"मग परत परत का जायची?"

स्नेहलताने बिस्किटं लवकर वाटली. कारण ती स्वतः गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास झाली होती. पहिल्यांदा राउंडअबाउटवर तिने पुणेरी सभ्यतेने, 'मी येतेय हं' एवढंच सांगायला, हॉर्न वाजवला. इथे हॉर्न म्हणजे शिवी. दुसऱ्यांदा हिरवा सिग्नल असताना एका आजोबांना "आधी तुम्ही" म्हणून थांबली. आजोबा बसची वाट बघत होते. तिसऱ्यांदा काय झालं ते ती अजून कुणाला सांगत नाही.

आता मात्र गंमत उरली नव्हती. रोटोटुनातल्या घरून तिला रोज शाळेत सोडणारा नवरा, रमण, पुढच्या महिन्यापासून कामासाठी सोमवार ते शुक्रवार दीड तासावरच्या न्यू लिनला राहणार होता. लायसन्स नाही तर नोकरी नाही.

त्याच दिवशी तिने चौथी तारीख घेतली. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर पुण्याहून थोरल्या बहिणीने, वासंतीताईने, विचारलंच, "काय गं, परीक्षेचं काय?"

"विचारू नकोस ताई," धाकटी मृदुला म्हणाली, "हॉर्न वाजवेल ती." मृदुला सगळ्याच परीक्षांत पहिल्या फटक्यात पास होते.

स्नेहलताने तारीख सांगितली नाही. परीक्षेच्या सकाळी रमण दही-साखर घेऊन उभा राहिला.

"मागेही तिन्ही वेळा हेच दिलंस. आज पोहे दे."

ती पास झाली. परीक्षक उतरून गेला, तर ही सवयीने बाजूच्या सीटवर जाऊन रमण गाडी चालवायला येण्याची वाट बघत बसली.

रविवारी तिने बहिणींना लायसन्स दाखवलं. वासंतीताई म्हणाली, "एवढं सोपं होतं, तर आधी तीनदा काय करत होतीस?"

लिओनीही चौथ्यांदा गेली आणि मरेपर्यंत मठात टिकली. तोवर तेरेज वारली होती. बाकी तिघी बहिणी दुसऱ्या मठात होत्या. स्नेहलता हल्ली स्वतः गाडी चालवत चर्चमधल्या फादरना गाठते आणि एकच विचारते: लिओनी टिकली हे कळल्यावर त्या तिघी 'शाब्बास' म्हणाल्या, की 'आधी तीनदा काय करत होतीस?'