कोरा चहा पाहून आईने विचारलं, कोन गेलं?

मंडळी, या ग्रुपवरच्या दार्जिलिंगच्या मित्राला मी हिंगणघाटची कडक चहापत्ती पाठवली होती. बदल्यात त्याचा काळा चहा आज आला. दूध-साखर घालायची नाही, अशी त्याची ताकीद.

आईच्या हातात कप दिला, तर तिचा चेहराच उतरला.

"कोरा चहा काऊन केला? कोन गेलं?"

आमच्याकडे बिनदुधाचा चहा मयतीच्या घरीच होतो. आमच्या घरी तो शेवटचा झाला, बाबा गेले तेव्हा.

"कोनी नाई गेलं, आई. हा असाच पेतेत."

तिने भीतभीत घोट घेतला, मग दुसरा.

"याले मनुकांचा वास येते," ती हळूच म्हणाली. "त्या दिवशी काईच चव नोती लागली."

आता मित्राचा मेसेज आलाय, चहा कसा वाटला? काय लिहू त्याला?